थेंबांची परीक्षा



गेल्या वर्षीं ऐन श्रावणांत माझ्या पत्नीला जुलाब-वांत्या होऊन एकाएकीं इतका थकवा आला, कीं तिला रातोरात इस्पितळांत न्यावें लागलें. डॉक्टरांनीं नाडी पाहिली, हाताची कातडी चिमटींत धरून सोडली, आणि एकच शब्द उच्चारला: सलाईन. हा शब्द आतां आपल्या भाषेंत इतका मुरला आहे, कीं खेड्यांतील एखादी आजीबाईसुद्धां "अशक्तपणा फार आलाय, एक सलाईन लावा" म्हणून डॉक्टरांपाशीं हट्ट धरते. बाटलींत मीठ आहे कीं साखर आहे, याच्याशीं तिला कर्तव्य नसतें. पहिली बाटली भराभर संपली. दुसरी आठ तास चालवावयाची होती. मी पडलों मास्तर. स्वस्थ बसणें मला ठाऊक नाहीं. घड्याळ समोर धरून मी थेंब मोजूं लागलों. मिनिटाला बेचाळीस.

अर्धा तास झाला असेल नसेल, तोंच तिला हुडहुडी भरली. दांतांवर दांत वाजूं लागले. अंगावर दोन घोंगड्या घातल्या तरी खाट हालत होती. मीं हांक मारण्यापूर्वींच रात्रपाळीच्या सिस्टर धांवत आल्या. त्यांनीं प्रथम नळीवरची चाकी फिरवून थेंब बंद केले. मग बाटली, नळी आणि सुई हें सगळें काढून दुसऱ्या हाताला सगळें नवें लावलें. येथवर माझ्या समजुतीप्रमाणेंच चाललें होतें. परंतु काढलेली बाटली त्यांनीं टाकली नाहीं. नळीचें टोंक बंद करून ती बाटलीसकट एका स्वच्छ पिशवींत घातली, आणि लेबलावरचा बारीक अक्षरांतला क्रमांक नोंदवहींत उतरून घेतला. "ही घाण कशाला जपून ठेवतां?" असें मीं जरा त्राग्यानेंच विचारलें. त्या म्हणाल्या, "गुरुजी, दोष बाटलींत होता, नळींत होता कीं आजारांतच होता, हें आतां मला सांगतां येणार नाहीं. पण बाटली फेकली तर कोणालाच कधीं सांगतां येणार नाहीं."

पहांटेपर्यंत हुडहुडी उतरली आणि चौथ्या दिवशीं आम्ही सुखरूप घरीं आलों. सिस्टरांचें तें वाक्य मात्र माझ्या डोक्यांतून जाईना. मी वैद्य नव्हे, शास्त्राचा पदवीधर नव्हे; मॅट्रिक होऊन जन्मभर मुलांना इतिहास-भूगोल शिकविलेला मनुष्य. तेव्हां ह्या बाटलीचा इतिहासच काय तो मला शोधतां येण्यासारखा होता. तो शोधतांना असें दिसून आलें, कीं शिरेंत औषध सोडण्याच्या साहित्याची जी जी म्हणून तपासणी आज होते, ती प्रत्येक कोणत्या तरी जुन्या चुकीच्या जागेवर उभी आहे. आणि ती चूक बहुतेक वेळां, सर्व लोक जिकडे पहात होते तिकडे नव्हतीच.

रक्त शरीरांत फिरत असतें, हें इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यानें १६२८ सालीं ग्रंथ लिहून सिद्ध केलें. पुढें १६५६ च्या सुमारास ऑक्सफर्ड येथें ख्रिस्तोफर रेन यानें एका कुत्र्याच्या शिरेंत अफूचें द्रावण सोडलें. लंडनचें सेंट पॉलचें मोठें देऊळ ज्यानें बांधलें, तोच हा रेन. पिसाची पोकळ काडी ही सुई, आणि जनावराचें मूत्राशय ही पिशवी, असें त्या वेळचें साहित्य. कुत्रा गुंगला, परंतु त्याला फिरवून फिरवून जागें ठेविल्यामुळें वांचला. आणि पुढें त्याची इतकी ख्याति झाली, कीं कोणी तरी त्याला चोरून नेलें, असें रॉबर्ट बॉइल यानें नमूद करून ठेविलें आहे. माणसाच्या शिरेंत मेंढराचें रक्त घालण्याचे प्रयोग १६६७ सालीं पॅरिस व लंडन येथें झाले. पॅरिसमध्यें एक रोगी मेला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि ही वाट सुमारें दीडशें वर्षें बंद पडली.

ती पुन्हां उघडली पटकीनें. हिंदुस्थानांतून पसरत गेलेली ही सांथ १८३१ सालीं इंग्लंडच्या संडरलंड बंदरांत शिरली. विल्यम ब्रुक ओ'शॉनेसी हा अवघा बावीस वर्षांचा आयरिश वैद्य तेथें गेला आणि पटकीच्या रोग्यांचें रक्त त्यानें तपासलें. त्यांतील पाण्याचा व क्षारांचा मोठा अंश नाहींसा झालेला त्याला आढळला. जें गेलें तें परत द्यावें, हा सरळ निष्कर्ष त्यानें 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांतून मांडला. रोग्यावर तो अंमलांत आणण्याचें धाडस केलें एडिंबरोजवळच्या लीथ गांवच्या डॉक्टर थॉमस लॅटा यानें, १८३२ च्या मे महिन्यांत.

लॅटाची पहिली रोगी एक वृद्ध बाई होती. सर्व उपाय थकले होते. नाडी लागत नव्हती. म्हणजे गमावण्यासारखें कांहीं उरलें नव्हतें, म्हणूनच तिची निवड झाली. लॅटानें तिच्या शिरेंत रुप्याची बारीक नळी बसवून मीठ व सोडा घातलेलें कोमट पाणी पिचकारीनें थोडथोडें सोडण्यास आरंभ केला. बराच वेळ कांहीं दिसेना. मग श्वास सुधारला, खोल गेलेले डोळे उजळले, नाडी परत आली, हातपाय ऊन झाले. अर्ध्या तासांत सहा पाइंट, म्हणजे सुमारें तीन लिटर पाणी आंत गेलें. आणि जी बाई मरणाच्या दारांत होती, ती थट्टामस्करीवर येऊन "आतां थोडी झोंप मिळाली म्हणजे झालें" असें सांगूं लागली. लॅटा स्वतः थकला होता. रोगी इस्पितळाच्या शल्यवैद्यावर सोंपवून तो घरीं गेला. जुलाब पुन्हां सुरू झाले, पाणी पुन्हां कोणी सोडलें नाहीं, आणि साडेपांच तासांनीं ती बाई वारली. ही हकीकत त्यानें कांहीं न लपवितां लिहून प्रसिद्ध केली. वैद्यकाच्या इतिहासांत यशाच्या कथा पुष्कळ आहेत; परंतु आपला रोगी आपण घरीं गेल्यामुळें मेला, असा अर्थ निघणारा मजकूर आपल्या सहीनें छापणारा मनुष्य मला त्या सर्वांहून थोर वाटतो.

आणखी एक गोष्ट त्यानें लिहिली, तिच्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. पिचकारी अगदीं निर्दोष असली पाहिजे, नाहीं तर शिरेंत हवा जाण्याचें भय आहे. एकाच छिद्रांतून पुन्हां पाणी सोडूं नये. आणि शिरेला फार नाजूकपणें हाताळावें. सलाईनच्या साहित्याविषयींच्या अगदीं पहिल्या अटींत या तीन ओळी मोडतात, आणि आजच्या जाडजूड मानकांतही त्या वेगळ्या शब्दांत सांपडतात. फक्त ज्या गोष्टीचें भय बाळगावयास हवें होतें, ती त्यांत नव्हती. पाणी कसलें होतें, हें लॅटानें सांगितलें नाहीं, कारण जंतूंमुळें रोग होतो, ही गोष्ट त्या काळीं वैद्यांना ठाऊकच नव्हती.

लॅटा पुढच्याच वर्षीं, १८३३ सालीं वारला. सांथ ओसरली तसा उपायही विस्मृतींत गेला. ओ'शॉनेसी त्याच वर्षीं कंपनी सरकारच्या नोकरींत कलकत्त्यास आला. आणि मौज अशी, कीं पुढें १८५० नंतरच्या दशकांत कलकत्ता, आग्रा, मुंबई, मद्रास जोडणारें तारायंत्राचें जाळें ह्याच गृहस्थानें विणलें. शिरेंतल्या मिठाच्या पाण्याचा पटकीवरील उपाय खऱ्या अर्थानें पुन्हां रुजला तोही कलकत्त्यासच. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत तेथील डॉक्टर लेनर्ड रॉजर्स यांनीं अधिक खारट पाणी वापरून पटकीच्या मृत्यूंचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आणलें.

आतां त्या हुडहुडीकडे वळूं. ती माझ्या पत्नीलाच भरली असें नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं ती युरोप-अमेरिकेंतल्या इस्पितळांत नित्याची झाली होती. उपदंशावरील साल्व्हर्सन हें नवें औषध १९१० सालीं निघालें. तें पाण्यांत विरघळवून शिरेंत सोडावें लागे, आणि पुष्कळ रोग्यांना त्यानंतर थंडी वाजून ताप भरे. औषधच तापट, असें सर्वांनीं ठरविलें. दोष पाण्याचा आहे, असें १९११ च्या सुमारास जर्मनींतील व लंडनमधील कांहीं संशोधकांनीं बजावलें; परंतु पाणी तर ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून पुन्हां थंड केलेलें, शिवाय उकळलेलें. त्याला दोष कसा द्यावा? हें कोडें १९२३ सालीं अमेरिकेंत येल विद्यापीठांतील फ्लॉरेन्स सीबर्ट ह्या तरुण विदुषीनें सोडविलें. बालपणीं पोलिओ होऊन तिचे पाय अधू झाले होते. प्रयोगशाळेंतल्या सशांवर काम करतां करतां तिला ह्या तापाचा माग लागला.

तिनें जें दाखविलें तें असें. पाणी साठवून ठेविलें म्हणजे त्यांत जंतु वाढतात. उकळलें म्हणजे ते मरतात, हें खरें. परंतु त्यांच्या शरीरांतील एक द्रव्य साध्या उकळीनें नष्ट होत नाहीं. जंतु मेला तरी त्याचें विष शिल्लक राहतें, आणि ताप आणतें तें हेंच. मग ऊर्ध्वपातनानें तें मागें कां राहूं नये? त्याचें उत्तर प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. भात रटरट शिजूं लागला म्हणजे झांकणाच्या आंतल्या बाजूला नुसती वाफ नसते, पेजेचे शिंतोडेही असतात. ऊर्ध्वपातनाच्या भांड्यांतही वाफेबरोबर तसेच सूक्ष्म शिंतोडे उडून पलीकडच्या शुद्ध पाण्यांत जात. सीबर्टनें वाफेच्या वाटेवर शिंतोडे अडविणारा एक आडपडदा बसविला, आणि ताप थांबला. इतका साधा उपाय! आणि त्याच्या अभावीं कित्येक रोग्यांनीं थंडीनें कुडकुडत रात्री काढल्या.

ह्यांतूनच सशांची परीक्षा निघाली. प्रत्येक घाण्यांतलें थोडें द्रावण तीन सशांच्या कानाच्या शिरेंत सोडावयाचें, आणि तीन तास त्यांचा ताप मोजावयाचा. अमेरिकेच्या औषधिसंहितेंत ती १९४२ सालीं दाखल झाली. पुढें फ्रेडरिक बँग व जॅक लेव्हिन ह्यांनीं १९५६ ते १९६४ ह्या काळांत असें शोधून काढलें, कीं घोड्याच्या नालाच्या आकाराच्या एका पुरातन समुद्रप्राण्याचें निळसर रक्त जंतूंच्या ह्या विषाचा लवलेश लागतांच गोठतें. तेव्हांपासून सशांचें काम हळूहळू त्या प्राण्याच्या रक्ताकडे गेलें. ह्या जातीचे प्राणी आपल्या ओरिसाच्या किनाऱ्यावरही वाळूंत अंडीं घालावयास येतात.

पूर्वीं प्रत्येक इस्पितळ आपलें पाणी आपण करी. १९३१ सालीं अमेरिकेंत डॉन बॅक्स्टर ह्यांच्या कारखान्यानें निर्वात कांचेच्या बाटल्यांत तयार सलाईन विकण्यास काढलें, आणि काम कारखान्याकडे गेलें. दर्जा पुष्कळ सुधारला, ह्यांत शंका नाहीं. परंतु इस्पितळांतली चूक एका इस्पितळांत राही; कारखान्यांतली चूक आगगाडींतून गांवोगांव जाऊं लागली.

१९७० च्या ऑक्टोबरपासून १९७१ च्या मार्चपर्यंत अमेरिकेच्या सात राज्यांतील आठ इस्पितळांत दीडशें रोग्यांच्या रक्तांत जंतु सांपडले. त्यांपैकीं नऊ जण दगावले. द्रावण तपासावें तर निर्मळ. नळ्या निर्मळ. शेवटीं दोष सांपडला झांकणांत. बाटलीच्या फिरकीच्या झांकणाच्या आंतलें अस्तर नुकतेंच बदललें होतें. त्या नव्या अस्तराखालीं जंतु दडून राहत, आणि सिस्टरनें झांकण उघडून पुन्हां लावलें कीं ते द्रावणांत उतरत. साखरेच्या पाण्यांत मग त्यांची दिवाळीच! बाटली वेगळी तपासली, अस्तर वेगळें तपासलें, तर दोन्हीं पास. दोन्हीं एकत्र येऊन हात लागला म्हणजे नापास. दर चोवीस तासांनीं संपूर्ण नळी बदलण्याचा जो नियम पुढें बराच काळ इस्पितळांतून पाळला गेला, तो ह्याच प्रकरणांत निघाला.

इंग्लंडांत प्लिमथ शहराच्या डेव्हनपोर्ट इस्पितळांत १९७२ च्या वसंतऋतूंत घडलें, तें मला विशेष बोधप्रद वाटतें. कदाचित् माझ्या धंद्यामुळें असेल. शस्त्रक्रिया झालेले रोगी साखरेच्या पाण्याची बाटली लावतांच कोसळूं लागले, आणि त्यांतले कांहीं वांचले नाहींत. क्लोदियर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं चौकशी झाली. बाटल्या आदल्या वर्षींच्या एप्रिलांत वाफेच्या दाबाच्या मोठ्या भांड्यांत निर्जंतुक केल्या होत्या. भांड्याच्या तळाशीं हवा कोंडून राहिली, आणि जेथें हवा तेथें वाफ पोंचत नाहीं. म्हणून वरच्या बाटल्या तापल्या, खालच्या तापल्याच नाहींत. एका नोंदयंत्रानें उष्णमान चढलें नसल्याचें कागदावर इमानानें उमटविलें होतें. पण तें यंत्रच बिघडलेलें असावें, असें कामगारांनीं मानलें, कारण दुसरा कांटा ठीक दाखवीत होता! आणि नमुन्यादाखल ज्या बाटल्या तपासल्या, त्या निर्मळ निघाल्या.

आमच्या शाळेंत तपासणीस साहेब येत, तेव्हां पहिल्या बाकावरच्या चार मुलांना प्रश्न विचारून "वर्ग उत्तम" असा शेरा देऊन जात. मागच्या बाकावर काय चाललें आहे, हें मला ठाऊक असे. पण मीही गप्प बसत असें, हें आज कबूल करण्यास हरकत नाहीं. नमुन्याच्या परीक्षेचें गणितच तसें आहे. हजार बाटल्यांत दहा बिघडलेल्या आहेत असें समजा, आणि त्यांतल्या वाटेल त्या वीस काढून तपासा. शंभरांत ऐंशींहून अधिक वेळां त्या वीसही चांगल्या निघतील, आणि घाणा पास होईल. डेव्हनपोर्टसारख्या प्रकरणांतून लोकांनीं ओळखलें, कीं निर्जंतुकपणा शेवटीं बाटलींत शोधून भागत नाहीं. भांड्याच्या प्रत्येक कोपऱ्यांत, विशेषतः सर्वांत थंड कोपऱ्यांत, उष्णमान मोजून तो आधींच सिद्ध करावा लागतो. आणि नोंदयंत्र प्रतिकूल बोललें, तर प्रथम त्याचें ऐकावें लागतें.

कांचेच्या बाटलींतून पाणी उतरावयाचें म्हणजे आंत बाहेरची हवा घ्यावी लागते. १९७० नंतर मऊ प्लास्टिकच्या पिशव्या आल्या. त्या आपोआप चेपत जातात, हवा लागत नाहीं. ही मोठीच सोय. परंतु पी.व्ही.सी. नांवाचें हें प्लास्टिक मुळांत ताठ असतें. तें मऊ करण्यासाठीं तेलासारखें एक द्रव्य त्यांत मिसळतात. १९७० सालींच अमेरिकेंतील जेगर व रुबिन ह्यांनीं दाखविलें, कीं पी.व्ही.सी.च्या पिशवींत ठेविलेल्या रक्तांत तें द्रव्य उतरतें. उलट प्रकारही घडतो. हृदयविकारावर देण्यांत येणारें नायट्रोग्लिसरीन अशा नळींतून सोडलें, तर शंभरांतील चाळीसपासून ऐंशींपर्यंत भाग नळीच शोषून घेते. डॉक्टर कागदावर एक मात्रा लिहितात, रोग्याला भलतीच मिळते. आणि मात्रा वाढवून भागवावें, तर नळी बदलतांच ती अधिक होते. इन्शुलिनही कांचेला व प्लास्टिकला असेंच चिकटून बसतें. सेफ्ट्रिआक्झोन हें जंतुघ्न औषध आणि कॅल्शियम हीं प्रत्येकीं निर्दोष; पण एका शिरेंत दोन्हीं मिळालीं तर खर धरतात, आणि नवजात अर्भकांच्या मृत्यूंनंतर २००७ सालीं त्याविरुद्ध सूचना द्याव्या लागल्या. म्हणून आतां औषध एकटें तपासून चालत नाहीं. ज्या पिशवींतून, ज्या नळींतून, ज्या गाळणींतून तें जावयाचें, त्याच साहित्यांतून तासन्‌तास सोडून, सुईच्या टोंकाशीं किती उतरलें हें मोजावें लागतें. पत्रिका जुळविण्यासारखेंच हें; फरक एवढाच कीं येथें गुण खरोखर मोजतां येतात.

सर्वांत विचित्र कथा मात्र सांध्याची आहे. पिचकारीचें तोंड आणि सुईचा मागचा भाग एकमेकांत घट्ट बसतात, ते एका निमुळत्या आकारामुळें: लांबीच्या शंभर भागांस व्यासाचे सहा भाग कमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसच्या लूअर ह्या उपकरण-कारागिराच्या घराण्यांतून हा सांधा निघाला आणि जगभर पसरला. त्यापूर्वीं एकाची सुई दुसऱ्याच्या पिचकारीला बसत नसे. आतां कोणत्याही कारखान्याची सुई कोणत्याही नळीला बसूं लागली; १९८६ सालीं त्याचें आंतरराष्ट्रीय मानकही ठरलें. जुळणें ही कसोटी, आणि सगळें जुळलें.

पण तें अतिशयच जुळलें. पोटांत दूध घालण्याची नळी, पाठीच्या कण्यांत औषध घालण्याची सुई आणि शिरेची नळी, ह्या सर्वांना एकच तोंड मिळालें. शिरेंत चुकून दूध गेल्याची हकीकत १९७२ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आली. २००१ च्या जानेवारींत इंग्लंडांतील नॉटिंगहॅम येथें अठरा वर्षांच्या एका मुलाला, शिरेंतच द्यावयाचें व्हिन्क्रिस्टीन हें कर्करोगाचें औषध कण्यांत दिलें गेलें. महिन्याभरांत तो मुलगा गेला. त्याच्याभोंवतीं शिकलेलीं माणसें होतीं, चिठ्ठ्या होत्या, नियम होते; परंतु चुकीची पिचकारी चुकीच्या सुईला अगदीं अचूक बसली. कोठें अडखळली असती, तर एखादा क्षणभर थांबून विचार केला असता. २०१६ सालीं निघालेल्या नव्या मानकांनीं पोटाच्या नळीचें तोंड वेगळें, कण्याच्या सुईचें वेगळें, आणि शिरेचें तेवढें जुनें ठेविलें. त्यांच्या तपासणींत आतां एक नवाच प्रश्न असतो: हें तोंड भलत्या तोंडाला बसत नाहीं ना? शंभर वर्षें जी गोष्ट नापास ठरली असती, तीच आतां पास होण्याची अट झाली आहे.

यंत्रांचेंही तसेंच. थेंब मोजण्याचा त्रास नको म्हणून विजेचे पंप आले. अमेरिकेंत २००५ ते २००९ ह्या पांच वर्षांत त्यांच्याविषयीं सुमारें छपन्न हजार तक्रारी सरकारदरबारीं नोंदल्या गेल्या, आणि सत्त्याऐंशीं वेळां माल परत मागवावा लागला. कांहीं पंपांत एकदां दाबलेली कळ दोनदां नोंदली जाई. दहाचे शंभर होत. परीक्षेच्या गुणपत्रिकेंत असें झालें तर मुलगा पास होतो. येथें काय होईल, तें सांगावयास नको.

आणि आपली साधी नळी? तिची परीक्षाही कांहीं सोपी नाहीं. तोंडें बंद करून, पाण्यांत बुडवून, आंत हवेचा दाब देतात. पंधरा सेकंदांत एकही बुडबुडा दिसतां कामा नये. प्रत्येक जोडाला सुमारें दीड किलो वजनाइतका ताण देऊन पंधरा सेकंद ओढून पाहतात. एक मीटर उंचीवरून दहा मिनिटांत निदान एक लिटर मिठाचें पाणी तिच्यांतून गेलें पाहिजे, कारण लॅटाच्या त्या बाईसारखा रोगी आला, तर घाई करतां आली पाहिजे. आंतल्या गाळणीनें ठराविक आकाराचे सूक्ष्म कण शंभरांत निदान ऐंशीं अडविले पाहिजेत. आणि थेंब! नेहमींच्या नळीचे वीस थेंब म्हणजे एक मिलिलिटर, त्यांत दशांश मिलिलिटरापेक्षां अधिक चूक चालत नाहीं. माझे त्या रात्रींचे बेचाळीस थेंब ह्याच हिशेबाचे होते: तासाला सुमारें एकशें पंचवीस मिलिलिटर, आठ तासांत एक लिटर. पण कांहीं नळ्या पंधरा थेंबांच्या असतात. तसली नळी असती, तर माझे बेचाळीस थेंब मीं कितीही बिनचूक मोजले असते, तरी बाटली सहा तासांतच संपली असती. नळीच्या पाकिटावर हा आंकडा छापलेला असतो. पाकीट मीं वाचलें नव्हतें. सिस्टरांनीं वाचलें होतें.

पिशवींत ठेविलेल्या त्या बाटलीचें पुढें काय झालें, हें विचारावयास मी दोनदां इस्पितळांत गेलों. पहिल्या खेपेस, नमुना तपासणीस पाठविला आहे, असें कळलें. दुसऱ्या खेपेस त्या सिस्टरांची बदली झाली होती. त्यांच्या जागीं आलेल्या बाईंनीं कांहीं कुरकुर न करतां नोंदवही उघडून दाखविली. पत्नीचें नांव, तारीख, रात्रींची वेळ, बाटलीचा क्रमांक, नळीचा क्रमांक, थंडी केव्हां भरली, केव्हां उतरली, सगळें सुवाच्य अक्षरांत होतें. शेवटचा रकाना निकालाचा. तो अजून कोरा होता. बाटलीचा क्रमांक मीं माझ्या डायरींत उतरून घेतला आहे. दिवाळीनंतर पुन्हां जाणार आहें.